मानवशास्त्रातली बातमी वाचावी कशी

सांस्कृतिक मानवशास्त्रातल्या संशोधनाची बातमी झाली की त्यातून दोन गोष्टी हमखास गळतात: काळ आणि माणसांची संख्या. एका खोऱ्यातल्या शंभरेक माणसांनी काही वर्षांपूर्वी जे केलं किंवा सांगितलं, ते ‘माणूस मुळात असाच’ किंवा ‘अमुक जमात असं मानते’ अशा थाटात आपल्यापर्यंत येतं. गळलेलं परत मिळवायला फार विद्वत्ता लागत नाही. मूळ शोधनिबंध, पाऊण तास आणि एक कोरा कागद एवढं पुरतं.

मूळ निबंध गाठणं

बातमीच्या तळाशी नियतकालिकाचं नाव आणि बहुतेक वेळा डीओआय असतो, म्हणजे 10 ने सुरू होणारा निबंधाचा कायमचा क्रमांक. तो नसेल तर पहिल्या लेखकाचं आडनाव, समाजाचं नाव आणि वर्ष असे तीनच शब्द गूगल स्कॉलरमध्ये टाका. बातमीचा मथळा टाकून शोधलंत तर त्याच बातमीच्या पन्नास नकला समोर येतील.

निबंध पैसे भरल्याशिवाय उघडत नसेल, तर स्कॉलरमधल्या नोंदीखालची ‘सर्व आवृत्त्या’ ही जोडणी दाबा. विद्यापीठाच्या संग्रहात किंवा सोशआर्काइव्हसारख्या ठिकाणी लेखकाने ठेवलेली मोफत प्रत बऱ्याचदा तिथे दिसते. अनपेवॉल हे ब्राउझरमध्ये बसवायचं साधन हेच काम आपोआप करतं. तरीही नाही मिळालं, तर लेखकाला चार ओळींची ईमेल करा. आपला निबंध कुणाला तरी वाचायचा आहे याचा बहुतेक संशोधकांना आनंदच होतो. समीक्षेआधी ठेवलेला मसुदा (प्रीप्रिंट) मिळाला तर आवृत्तीची तारीख पाहून ठेवा. समीक्षकांच्या सूचनांनंतर आकडे बदललेले असू शकतात.

आणि पुरवणी फाइल उतरवायला विसरू नका. संख्यात्मक निबंधाचा जीव तिच्यातच असतो: प्रश्नावली, कोडिंगचे (म्हणजे वर्णनांचे आकडे करण्याचे) नियम, कच्चे तक्ते.

कागदावर काय उतरवायचं

सारांश एकदा वाचा आणि थेट पद्धतीच्या भागावर जा. निष्कर्ष सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा वाटेल, पण निष्कर्ष आधी वाचला की डोळे पद्धतीतही त्याचाच पुरावा शोधत बसतात. पद्धत वाचताना इतकं टिपून घ्या:

- माणसं किती, आणि त्यांची निवड कशी झाली
- जागा: देश नव्हे, वस्ती किंवा खोरं
- क्षेत्रकार्याची, म्हणजे लोकांमध्ये जाऊन केलेल्या अभ्यासाची वर्षं (प्रकाशनाचं वर्ष वेगळं लिहा)
- मुक्काम किती महिन्यांचा
- बोलणं कोणत्या भाषेत झालं, मध्ये दुभाषा होता का
- पाहिलं की विचारलं
- तुलना कशाशी केली

यातली कुठली नोंद निबंधात सापडली नाही, तर तिथे रिकामी चौकट ठेवा. पुढे शंका घ्यायची ती या चौकटींपासून.

वर्षांची नोंद का करायची, याचं चांगलं उदाहरण म्हणजे मानवशास्त्रज्ञ पॉली वीसनर यांचा 2014 चा शेकोटीवरच्या गप्पांचा निबंध. कालाहारीतल्या जुहोआन्सी लोकांची 174 संभाषणं त्यांनी तपासली. दिवसा गाऱ्हाणी, देणीघेणी, थट्टा असंच जास्त चाले आणि गोष्टी जेमतेम 6 टक्के. रात्री शेकोटीभोवती मात्र 81 टक्के बोलणं गोष्टींचं. निबंध सुरेख आहे. पण ती संभाषणं 1974 ची आहेत. ‘जुहोआन्सी लोक रात्री गोष्टी सांगतात’ या वाक्यातल्या वर्तमानकाळाने चाळीस वर्षं गिळून टाकली. यात चूक वीसनर यांची नाही, ती बातमीच्या व्याकरणाची आहे. या शास्त्राला ही खोड जुनी आहे. लोकांना एका कायमच्या, न सरणाऱ्या वर्तमानात उभं करायचं, याला ‘एथ्नोग्राफिक वर्तमान’ म्हणतात, आणि 1980 च्या दशकापासून त्यावर कडक टीका होत आली आहे.

मुक्कामाच्या महिन्यांचं गणित साधं आहे. वर्षाचा पूर्ण फेरा, म्हणजे पेरणी, सुगी, टंचाईचे महिने, सणवार, डोळ्यांनी पाहायला किमान बारा महिने लागतात, म्हणून पीएचडीचं क्षेत्रकार्य साधारण बारा ते अठरा महिन्यांचं असतं. तीन आठवड्यांत प्रश्नावली भरून आणता येते, आणि काही प्रश्नांना ती पुरतेही. पण ‘इथे अमुक घडत नाही’ असं म्हणायला ती पुरत नाही.

‘नाही’ सिद्ध करायला किती वर्षं लागतात

2025 मध्ये मनवीर सिंग आणि किम हिल यांचा निबंध आला: पॅराग्वेमधल्या उत्तर आचे लोकांमध्ये नाच नाही आणि बाळासाठी गाणंही नाही. अंगाई ही सगळ्या मानवजातीची मानली जाणारी गोष्ट, त्यामुळे बातमी गाजली. या दाव्याला वजन आलं ते हिल यांच्या 122 महिन्यांच्या मुक्कामामुळे, 1977 ते 2020 अशा काळात पसरलेल्या. एवढ्या काळात कुणी आई, आजी, बाप बाळाला गाऊन निजवताना दिसला नाही, तर ‘नाही’ म्हणायला आधार आहे.

मथळ्यांनी मात्र निबंधाच्या शीर्षकातलाच शब्द सोडला: ‘लोप’. लेखकांचं म्हणणं असं की आचेंकडे हे कधीच नव्हतं असं नव्हे, ते हरवलं असण्याची शक्यता मोठी. लोकसंख्या फार घटली, पुढे वसाहतींत स्थायिक व्हावं लागलं, आणि पिढ्यांमधून पुढे जाणाऱ्या कितीतरी गोष्टी तुटल्या. ‘माणसाला अंगाई उपजत नसते’ आणि ‘अंगाई हरवू शकते, म्हणजे ती शिकावी लागते’ ही दोन वाक्यं जवळची वाटतात, पण दुसऱ्यात इतिहास आहे. मोठी माणसं गातात, हेही त्याच निबंधात आहे.

‘सार्वत्रिक’ हा शब्द आला की त्याचा अर्थ लावूनच पुढे जा. प्रत्येक माणसात? प्रत्येक समाजात? की बहुसंख्य समाजांत, अपवाद धरून? 2019 मध्ये सायन्स या नियतकालिकात आलेल्या एका मोठ्या अभ्यासाने 315 समाजांच्या नोंदी पाहिल्या आणि प्रत्येकात संगीत सापडलं. आचेंचा निबंध त्याला खोडत नाही. संगीत सगळीकडे असणं वेगळं, त्यातला एकेक उपयोग सगळीकडे असणं वेगळं.

मोठ्या तक्त्यांचे निबंध

सर्वात जास्त मथळे यांचे होतात आणि सर्वात जास्त घोळही इथेच, म्हणून इथे वेळ घालवा.

‘आम्ही इतक्या संस्कृतींचा अभ्यास केला’ असं वाचलं की समजायचं, लेखक बहुधा तिथे गेलेले नाहीत. त्यांनी इतरांच्या नोंदी वाचून त्यांचे आकडे केले आहेत. साधनं ठरलेली आहेत. येल विद्यापीठात 1949 मध्ये स्थापन झालेल्या संस्थेचा ईएचआरएएफ हा संग्रह. त्यात जुन्या-नव्या वर्णनांच्या प्रत्येक परिच्छेदाला विषयाचा क्रमांक दिलेला असतो, उदाहरणार्थ शिकार आणि सापळ्यांसाठी 224. मग मर्डॉक आणि व्हाइट यांनी 1969 मध्ये निवडलेल्या 186 समाजांचा प्रमाण नमुना. आणि 2016 पासून मोफत खुला असलेला डी-प्लेस, ज्यात 1,400 हून जास्त समाज नकाशा, भाषाकुल आणि पर्यावरणासह सापडतात. ईएचआरएएफला सभासदत्व लागतं, डी-प्लेस कुणालाही उघडतो.

या तक्त्यांतला प्रत्येक समाज एका जागेला आणि एका काळाला खिळवलेला असतो, बऱ्याचदा एकोणिसाव्या किंवा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या. लिहिणारा कोण? मिशनरी, वसाहतीचा अधिकारी, प्रवासी, कधी प्रशिक्षित मानवशास्त्रज्ञ. बहुतेक पुरुष. त्यांनी जे पाहिलं नाही किंवा विचारलं नाही, ते नोंदीत नाही. पापुआ न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर मानवशास्त्रज्ञ मलिनोव्हस्की यांनी 1915 ते 1918 दरम्यान काम केलं, आणि त्याच्या बळावर क्षेत्रकार्याची अख्खी पद्धत घडली. 1970 च्या दशकात मानवशास्त्रज्ञ ॲनेट वाइनर तिथे गेल्या, तेव्हा त्यांना बायकांची केळीच्या पानांच्या जुड्यांची मोठी देवघेव दिसली. मृत्यूनंतरच्या विधींत तिचं वजन भारी, आणि ती मलिनोव्हस्कींच्या हिशेबात जवळपास नव्हतीच. शून्य लिहिलेल्या कितीतरी चौकटींचा इतिहास असाच असणार.

पहिली तपासणी म्हणूनच ही: रिकाम्या चौकटींचं काय केलं? ‘माहिती नाही’ला लेखकांनी ‘आढळत नाही’ केलं का? 2019 मध्ये नेचर या नियतकालिकात एक निबंध आला. सेशाट या ऐतिहासिक विदासंचातून 30 प्रदेशांतले 414 समाज घेऊन त्याने सांगितलं, की नीती शिकवणारे, शिक्षा करणारे देव आधी आणि मोठे समाज नंतर असं नसून क्रम उलटा आहे. दुसऱ्या संशोधकांच्या गटाने फाइल उघडली, तेव्हा दिसलं की अशा देवांबद्दल माहितीच नसलेल्या चौकटी ‘देव नाही’ म्हणून मोजल्या होत्या, आणि त्या निम्म्याहून जास्त होत्या. लिपीच नसलेल्या काळातल्या समाजाबद्दल देवांची नोंद मिळणार कुठून? साहजिकच देव लिपीनंतर, म्हणजे समाज मोठा झाल्यावर अवतरतात. 2021 मध्ये नेचरने निबंध मागे घेतला. मूळ लेखक पुढे सुधारित विश्लेषण घेऊन आले आणि वाद चालू राहिला. पण 2019 च्या बातम्या आजही जशाच्या तशा पडून आहेत.

दुसरी तपासणी छेदाची, म्हणजे ‘कितीपैकी?’ या आकड्याची. जून 2023 मध्ये प्लॉस वन या नियतकालिकातल्या निबंधाने सांगितलं, की शिकार करून आणि कंदमुळं गोळा करून जगणाऱ्या समाजांपैकी 79 टक्क्यांत स्त्रिया शिकार करतात. हा आकडा 63 पैकी 50 चा आहे. आणि ते 63 निवडले गेले डी-प्लेसमधल्या 391 समाजांतून, कारण तेवढ्यांबद्दलच शिकारीचं स्पष्ट वर्णन मिळालं. आता प्रश्न: बायका शिकार करताना दिसल्या तर पाहणारा ते आवर्जून लिहील, नाही दिसल्या तर कदाचित एक अक्षरही लिहिणार नाही. मग 63 मध्ये कोण जास्त आलं असेल? 2024 मध्ये वेंकटरामन आणि सहकाऱ्यांनी हीच निवड तपासली, शिवाय कोडिंगच्या चुका दाखवल्या. सगळ्यात मोठा आक्षेप ‘हो/नाही’ या दोनच खान्यांवर होता. वर्षातून एकदा ससा मारणारी आणि रोज मोठ्या सावजामागे जाणारी, दोघी एकाच ‘हो’मध्ये. गंमत म्हणजे टीकाकारही स्त्रिया शिकार करतात हे मान्य करतात. भांडण किती आणि कशाची यावर आहे. दोन्ही बाजूंच्या मथळ्यांना हे पेललं नाही.

तिसरी तपासणी तुम्ही स्वतः करा, अर्ध्या तासात होते. पुरवणीतल्या तक्त्यातल्या तीन ओळी निवडा: एक ओळखीच्या समाजाची, एक निष्कर्षाला अगदी फिट बसणारी, एक डोळे मिटून. प्रत्येकीचा मूळ संदर्भ शोधा आणि उद्धृत पान वाचा. वर्णनातून तो आकडा निघतो का? तिन्ही जुळल्या तर विश्वास थोडा वाढवा. एक चुकली तर आणखी पाच पाहा. दोन व्यक्तींनी स्वतंत्रपणे कोडिंग केलं का आणि त्यांचं किती जुळलं, हा आकडा पद्धतीच्या भागात असायला हवा. नसेल तर तीही रिकामी चौकट.

मग गाल्टनचा प्रश्न. 1888 मध्ये मानवशास्त्रज्ञ एडवर्ड टायलर यांनी साडेतीनशेच्या आसपास समाजांची तुलना लंडनमध्ये मांडली, तेव्हा संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी विचारलं: यातले किती खरोखर वेगळे आहेत? शेजाऱ्याकडून उचललेली किंवा एकाच पूर्वजाकडून आलेली चाल दहा ठिकाणी सापडली तर ते दहा पुरावे की एकच? 186 चा नमुना याच अडचणीवर उतारा म्हणून, एकमेकांपासून लांबचे समाज निवडून तयार झाला. आजच्या निबंधात भाषाकुल आणि भौगोलिक अंतर यांचा हिशेब धरलाय का, हे पाहा. नुसता साधा सहसंबंध दिला असेल तर निष्कर्ष पेन्सिलने लिहा.

थोड्या माणसांचे, बारीक निरीक्षणाचे निबंध

नमुना लहान म्हणून निबंध फेकू नका. 2023 चा काँगो प्रजासत्ताकातल्या म्बेंजेले बायाका लोकांचा अभ्यास फक्त 18 बाळांचा होता, पण दिवसाउजेडी तासन्‌तास माग ठेवून केलेला. एकेका बाळाला दिवसाला सुमारे 9 तास कुणाचं तरी लक्ष आणि स्पर्श मिळत होता, आणि सांभाळणारे हात काहींच्या बाबतीत 15 पर्यंत. इथे संशोधकाने डोळ्यांनी पाहिलंय, आयांना ‘किती वेळ?’ असं विचारलेलं नाही. म्हणून 18 हा आकडा प्रश्नावलीतल्या 18 पेक्षा फार जड. त्यावरून पालकांना उपदेश करणारे लेख मात्र हलके.

उलट, 2024 चा एक अभ्यास 19 ठिकाणच्या 2,966 लोकांना आयुष्याबद्दलचं समाधान विचारतो, आणि पैसा फार कमी असूनही सरासरी 10 पैकी 6.8 येते. नमुना मोठा. पण शून्य ते दहा ही पट्टी जिथे रोजच्या बोलण्यात नाही, तिथे ती कशी समजावली, प्रश्न भाषांतरित करून पुन्हा उलटा भाषांतरित केला का, हे पद्धतीत शोधा.

‘आपले पूर्वज’ हा शब्द दिसला की थांबा. 2015 मध्ये टांझानियातले हडझा, नामिबियातले सान आणि बोलिव्हियातले चिमाने अशा 94 प्रौढांच्या मनगटांवर यंत्रं बांधून झोप मोजली गेली. गटागटांची सरासरी 5.7 ते 7.1 तासांच्या दरम्यान. लगेच ‘पूर्वजही कमीच झोपत’ असे मथळे आले. ही माणसं आजची आहेत, आपल्याच काळातली. चिमाने तर शेतीही करतात. हडझा एकूणच हजार-तेराशे, आणि त्यांच्यावर इतके अभ्यास झालेत की ‘शिकारी-संग्राहक समाज’ म्हणून जे छापून येतं त्यातलं बरंचसं याच मूठभर माणसांचं असतं.

टीका कुठे मिळते

करंट अँथ्रोपॉलॉजी हे नियतकालिक 1959 पासून मोठ्या निबंधांसोबतच इतर अभ्यासकांच्या टिप्पण्या आणि लेखकाचं उत्तर छापतं. सोय अशी की आयती भांडणं वाचायला मिळतात. निबंधाआधी टिप्पण्या वाचल्या तरी बिघडत नाही.

इतर ठिकाणी स्कॉलरमधल्या ‘यांनी उद्धृत केले’ या यादीत ‘प्रतिसाद’, ‘टिप्पणी’, ‘पुनर्विश्लेषण’ हे शब्द इंग्रजीत शोधा. निबंधाच्या पानावरचं ‘चेक फॉर अपडेट्स’ हे बटण दाबलं की दुरुस्ती किंवा माघार कळते. गाजलेल्या निबंधाला लेखी उत्तर यायला काही महिने ते दोन वर्षं लागतात. सेशाटच्या निबंधाची टीका मसुद्याच्या रूपात दोनेक महिन्यांत आली, छापून यायला 2021 उजाडलं. घाई नसेल तर बातमी आल्यावर कॅलेंडरमध्ये वर्षानंतरची तारीख घालून ठेवा आणि तेव्हा पुन्हा एकदा पाहा.

संशोधनच नसलेली बातमी

कधी मागे निबंध नसतो, वार्ताहराचा वृत्तांत असतो. तिथे साखळी उलटी चालत जा. जून 2024 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ब्राझीलच्या जावारी खोऱ्यातल्या मारुबो लोकांकडे उपग्रह-इंटरनेट पोचल्याचा लांब वृत्तांत छापला. तरुण मुलं अश्लील चित्रफिती एकमेकांना पाठवतात, अशी एका पुढाऱ्याची तक्रार त्यात ओघात होती. जगभरच्या शंभराहून अधिक संकेतस्थळांनी त्याचं ‘जमात व्यसनी झाली’ केलं. काही दिवसांतच त्याच वृत्तपत्राला ‘नाही, तसं झालेलं नाही’ असा वेगळा लेख लिहावा लागला. सुमारे 2,000 माणसांच्या समाजाला जगाने नावं ठेवली, तीही एका वाक्यावरून.

अशा वेळी शोध समाजाच्या संघटनेच्या निवेदनाने संपवा. लोक आता स्वतः बोलतात, नियमही घालतात: दक्षिण आफ्रिकेतल्या सान लोकांनी 2017 मध्ये संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता जाहीर केली. निबंधात संमती कुणाची घेतली, निष्कर्ष परत नेऊन दाखवले का, हे दोन प्रश्न त्यातूनच कागदावर यावेत.

दुसऱ्याला सांगताना

भूतकाळ वापरा. ‘हडझा झोपतात’ऐवजी ‘मोजलेले हडझा प्रौढ झोपत होते’. आकड्यासोबत छेद लिहा. लोकांचं नाव ते स्वतः वापरतात तेच घ्या. ‘एस्किमो’ नको, ‘इन्युइट’ किंवा ‘युपिक’, जे असतील ते म्हणा. मराठीत ‘जमात’ हा शब्द फार सहज येतो आणि येताना ‘सगळे एकसारखे’ हा अर्थ चोरून आणतो. ‘लोक’ किंवा ‘समाज’ने बहुतेक वेळा काम भागतं.

नियमित लक्ष ठेवायचं असेल तर

आठवड्याला अर्धा तास पुरतो. नव्या विषयात शिरताना आधी अॅन्युअल रिव्ह्यू ऑफ अँथ्रोपॉलॉजीमधला आढावा वाचा, मग सुटे निबंध. कल्चरल अँथ्रोपॉलॉजी 2014 पासून सगळ्यांना मोफत आहे आणि वर्षाला चार अंक काढतं. त्यात आकडे कमी, वर्णन आणि युक्तिवाद जास्त, तेव्हा वरची सात नोंदींची यादी तिथे लावताना ‘पाहिलं की विचारलं’ आणि ‘मुक्काम’ यांवर भर द्या. स्कॉलरमध्ये समाजाच्या नावाची सूचना लावा, विषयाच्या नावाची नको. ‘विधी’ लावलंत तर रोज कचरा येईल, ‘चिमाने’ लावलंत तर मोजके निबंध येतील, आणि एकाच समाजाबद्दल चार गट काय म्हणतात ते काही महिन्यांत शेजारी शेजारी दिसू लागेल. नावाची स्पेलिंगं मात्र तीन-चार असतात, जुनी नावंही वेगळी. प्रत्येकासाठी वेगळी सूचना लावा, नाहीतर जुनं अर्धं साहित्य दिसणारच नाही.